विश्लेषण : सगळ्यांना ठाऊक, तरीही 'गुप्त'! काँगोतील बंडखोरांमागे रवांडाचा हात कसा चालतो?

जानेवारी २०२५ च्या अखेरीस 'एम२३' या बंडखोर संघटनेने पूर्व काँगोतील गोमा हे मोठे शहर ताब्यात घेतले. काही दिवसांनी सीएनएन वाहिनीने शेजारच्या रवांडाचे अध्यक्ष पॉल कागामे यांना थेट विचारले, तुमचे सैन्य काँगोत आहे का? कागामे यांनी आपल्याला ठाऊक नसल्याचे उत्तर दिले. आपण सरसेनापती आहोत, पण अनेक गोष्टी आपल्याला माहीत नसतात, असेही ते म्हणाले. त्याआधी सहा-सात महिने संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने रवांडाचे तीन ते चार हजार सैनिक काँगोत असल्याचे अहवालात लिहून ठेवले होते. शेजारच्या यादवी युद्धात बंडखोरांना छुपी मदत करण्याचा हा प्रकार नवा नाही. पण इतकी वर्षे, इतक्या पुराव्यांसह आणि तरीही अधिकृतपणे 'गुप्त' राहिलेली मदत विरळाच.

एम२३ म्हणजे कोण?

२३ मार्च २००९ रोजी काँगो सरकार आणि 'सीएनडीपी' या तुत्सी बंडखोर संघटनेत शांतता करार झाला. बंडखोरांना राष्ट्रीय सैन्यात सामावून घेतले गेले. सरकारने करार पाळला नाही, अशी तक्रार करत त्यातील काही अधिकारी एप्रिल २०१२ मध्ये पुन्हा जंगलात गेले आणि त्यांनी त्या तारखेवरूनच संघटनेला 'मार्च २३' असे नाव दिले. सुलतानी मकेंगा हे तिचे लष्करी प्रमुख. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिने गोमा पहिल्यांदा घेतले, पण दहा-बारा दिवसांतच सोडले. वर्षभरात ती संपलीही. नोव्हेंबर २०२१ पासून ती पुन्हा उभी राहिली आणि जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये गोमा व बुकावू ही उत्तर आणि दक्षिण किवू या दोन्ही प्रांतांच्या राजधानीची शहरे तिच्या हाती गेली. गोमाच्या लढाईतच सुमारे २,९०० जण मारले गेल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांनी दिला.

तिला आता राजकीय चेहराही आहे. काँगोच्या निवडणूक आयोगाचे माजी प्रमुख कोर्नेय नांगा यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नैरोबीत 'काँगो नदी आघाडी' जाहीर केली आणि एम२३ तिचा भाग बनली. ही काँगोच्या लोकांची काँगोतलीच लढाई आहे, असे सांगायला त्यामुळे सोपे जाते.

रवांडाला काँगोत काय हवे आहे?

क्षेत्रफळाने रवांडा साधारण पुणे आणि सातारा या दोन जिल्ह्यांएवढा, तर काँगो भारताच्या दोन-तृतीयांशाहून मोठा. तरीही तीस वर्षांत या छोट्या शेजाऱ्याने मोठ्याची घडी अनेकदा विसकटली. त्याचे मूळ १९९४ मध्ये आहे. त्या वर्षी रवांडात शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास लोकांची, मुख्यतः तुत्सींची, कत्तल झाली. कागामे यांच्या बंडखोर सेनेने ती सत्ता उलथवली. कत्तल करणारे हुतू सैनिक आणि 'इंटरहाम्वे' टोळ्या लाखो निर्वासितांच्या लोंढ्यात मिसळून सीमेपलीकडे गोमाच्या परिसरात गेल्या. निर्वासितांच्या छावण्यांतच त्यांनी पुन्हा शस्त्रे गोळा केली. त्यांच्याच अवशेषांतून पुढे 'एफडीएलआर' ही संघटना तयार झाली.

रवांडाचे म्हणणे असे, की एफडीएलआर आजही काँगोत आहे, काँगोचे सैन्य तिला हाताशी धरते, आणि तिथल्या तुत्सींना परके ठरवून छळले जाते. म्हणून आपण सीमेवर फक्त 'बचावात्मक उपाय' योजले आहेत. यातला काही भाग खरा आहे. काँगोचे सैन्य एफडीएलआरशी हातमिळवणी करते, हे संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञांनी नोंदवले आहे. काँगो सरकारने या युद्धात युरोपातील भाडोत्री सैनिकही लढवले. गोमा पडल्यावर त्यातील जवळपास तीनशे रुमानियन शरण आले आणि रवांडामार्गे मायदेशी गेले. मात्र आजच्या एफडीएलआरची ताकद पाहता तिच्यासाठी दोन प्रांतांच्या राजधान्या ताब्यात ठेवाव्या लागतात, हे पटणे अवघड आहे.

आधी नकार, मग कबुली

या कथेत एक नाव पुन:पुन्हा येते, जेम्स कबारेबे. १९९६ मध्ये तेव्हाच्या झैरमध्ये (आजचा काँगो) लोराँ-देझिरे कबिला यांच्या नावाने बंड सुरू झाले. आपला त्याच्याशी संबंध नाही, असे रवांडा सांगत राहिला. मे १९९७ मध्ये बंडखोर दीड हजार किलोमीटर पार करून राजधानी किन्शासात पोहोचले, मोबुटू यांची ३२ वर्षांची सत्ता संपली. जुलै १९९७ मध्ये कागामे यांनी, तेव्हा ते उपाध्यक्ष आणि संरक्षणमंत्री होते, 'वॉशिंग्टन पोस्ट'ला सांगून टाकले, की मोहीम रवांडानेच आखली आणि नेतृत्वही रवांडाच्याच अधिकाऱ्यांनी केले. त्या अधिकाऱ्यांत कबारेबे प्रमुख होते. पुढची गोष्ट एखाद्या वेब सीरिजमध्येही अतिरंजित वाटेल. रवांडाचा हा अधिकारी चक्क काँगोच्या सैन्याचा प्रमुख झाला!

जुलै १९९८ मध्ये कबिलांनी त्यांना हटवले आणि सगळ्या रवांडन सैनिकांना घरी जायला सांगितले. काही दिवसांतच पूर्वेत नवे बंड उभे राहिले. ऑगस्टमध्ये कबारेबे यांनी गोमा विमानतळावर प्रवासी विमाने ताब्यात घेतली, त्यांत सैनिक भरले आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिक किनाऱ्याजवळच्या किटोना तळावर ते उतरले. इंगा धरण घेऊन त्यांनी किन्शासाची वीज तोडली. अंगोला आणि झिम्बाब्वेने सैन्य पाठवले नसते तर राजधानी पडली असती. रवांडाने याही वेळी महिनोन्महिने नकार दिला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये आपले सैन्य काँगोत असल्याचे मान्य केले. २००२ च्या प्रिटोरिया करारानंतर ते सैन्य परतले. इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीच्या अभ्यासानुसार १९९८ ते २००७ या काळात काँगोत ५४ लाख अतिरिक्त मृत्यू झाले. यातले बहुतांश गोळीने नव्हे, तर हिवताप, अतिसार, कुपोषण यांनी झाले. या आकड्यावर वाद आहेत.

कबारेबे पुढे दीर्घकाळ रवांडाचे संरक्षणमंत्री होते. २०१२ च्या तज्ज्ञ अहवालाने एम२३ ला आदेश देणाऱ्या साखळीच्या वरच्या टोकाला त्यांचेच नाव ठेवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांच्यावर निर्बंध लादले. माणूस तोच, सीमाही तीच. रवांडाने मात्र दोन्ही वेळा आरोप फेटाळले.

मदत पोहोचते कशी आणि पकडली कशी जाते?

छुपी मदत म्हटले की बंदुकांच्या पेट्या डोळ्यांसमोर येतात. पण बंदुका ही त्यातली सर्वांत स्वस्त गोष्ट. काँगोत सरकारी सैन्य पळाले की शस्त्रे आपोआपच मिळतात. बंडखोरांना खरी गरज असते ती भरतीची, प्रशिक्षणाची, जखमींवर उपचारांची, पळून जायला सुरक्षित मागच्या दाराची आणि आदेश देणाऱ्या अनुभवी अधिकाऱ्यांची. तज्ज्ञ गटाच्या अहवालांत रवांडाकडून मिळणाऱ्या मदतीचे वर्णन याच क्रमाने वाढत जाते. २०२४ च्या अहवालानुसार काँगोतील रवांडन सैनिकांची संख्या एम२३ च्या लढवय्यांइतकी, कदाचित त्याहून जास्त होती आणि मोहिमांचे प्रत्यक्ष नियंत्रण रवांडाच्या सैन्याकडे होते. म्हणजे कोण कोणाला मदत करत होते, हाच प्रश्न पडावा. याच गटाने युगांडाकडेही बोट दाखवले. त्या देशाची भूमी एम२३ ला वापरू दिली गेली, असे त्यांचे म्हणणे. युगांडाने ते फेटाळले.

हा तज्ज्ञ गट म्हणजे सुरक्षा परिषदेने नेमलेले मोजके संशोधक. त्यांच्याकडे ना पोलीस, ना झडतीचे अधिकार. पकडलेल्या किंवा पळून आलेल्या सैनिकांच्या मुलाखती, ड्रोनमधून टिपलेल्या सैनिकांच्या रांगा, गणवेश, हेल्मेट आणि शस्त्रांची छायाचित्रे, उपग्रह प्रतिमा असे तुकडे ते जुळवतात. काही पुरावे तर स्वतःच बोलतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने रवांडाला सैन्यासोबत जमिनीवरून आकाशात मारा करणारी क्षेपणास्त्र यंत्रणाही काँगोतून काढून घ्यायला जाहीरपणे सांगितले. अशी यंत्रणा जंगलातल्या टोळीला बाजारात मिळत नाही आणि प्रशिक्षित चमूशिवाय चालवताही येत नाही. तीच गोष्ट जीपीएसमधील हस्तक्षेपाची. आघाडीच्या परिसरात जीपीएस संदेश दाबले किंवा फसवले गेल्याचे तज्ज्ञांनी नोंदवले. उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की जवळून त्याच वारंवारतेवर गोंगाट केला तरी तो बुडून जातो. ड्रोनला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. त्याचा फटका मदत घेऊन जाणाऱ्या विमानांनाही बसतो.

तुमच्या मोबाइलशी याचा संबंध काय?

गोमाच्या पश्चिमेला मासिसीच्या डोंगरात रुबाया हे खाणींचे गाव आहे. इथे फावड्या-पहारींनी कोल्टन खणले जाते. त्यातून मिळणारा टँटलम हा धातू मोबाइल, लॅपटॉप, वैद्यकीय उपकरणे यांच्या सर्किटवरील चिमुकल्या कपॅसिटरमध्ये लागतो. कपॅसिटर म्हणजे विद्युतभार क्षणभर साठवून गरजेला सोडणारा घटक. टँटलमच्या भुकटीवर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर चढवता येतो, त्यामुळे तांदळाच्या दाण्याहून लहान जागेत भरपूर भार मावतो आणि तो उष्णतेतही टिकतो. जगातील टँटलमच्या सुमारे १५ टक्के कच्चा माल एकट्या रुबायातून येतो, असे मानले जाते.

एम२३ ने एप्रिल २०२४ च्या अखेरीस रुबाया घेतले. तज्ज्ञ गटाच्या हिशेबानुसार तिथल्या कोल्टनवरील वसुलीतून संघटनेला महिन्याला सुमारे आठ लाख डॉलर, म्हणजे जवळपास सात कोटी रुपये मिळू लागले आणि किमान १५० टन कोल्टन बेकायदा रवांडात नेऊन तिथल्या मालात मिसळले गेले. रवांडातही कोल्टनच्या खऱ्या खाणी आहेत, हीच मेख आहे. गोणीवर टॅग लावून खनिजाचा उगम नोंदवायची पद्धत आहे खरी, पण टॅग गोणीला असतो, खनिजाला नाही. एकदा का माल भट्टीत गेला, की कुठला कण कुठल्या डोंगरातला हे सांगणे जवळपास अशक्य. डिसेंबर २०२४ मध्ये काँगोने फ्रान्स आणि बेल्जियममध्ये अॅपलच्या उपकंपन्यांविरुद्ध फौजदारी तक्रारी केल्या. कंपनीने आरोप नाकारले आणि काँगो व रवांडातून ही खनिजे घेऊ नका असे पुरवठादारांना सांगितल्याचे स्पष्ट केले. गंमत म्हणजे त्याच वर्षी फेब्रुवारीत युरोपीय महासंघाने रवांडाशी महत्त्वाच्या खनिजांबाबत सहकार्याचा करार केला होता.

सगळ्यांना ठाऊक असेल, तर लपवायचे कशाला?

कारण नकार हा कोणाला फसवण्यासाठी नसतोच. तो इतरांना सोय करून देण्यासाठी असतो. रवांडाने उद्या 'होय, आमचे सैन्य तिथे आहे' म्हटले, तर ते दुसऱ्या देशावरचे आक्रमण ठरेल. मग देणगीदारांना मदत थांबवावी लागेल, आफ्रिकी संघाला भूमिका घ्यावी लागेल. नकार असला की 'दोन्ही बाजूंनी संयम राखावा' एवढे म्हणून भागते.

कायद्यातही फट आहे. अमेरिकेने निकाराग्वातील 'कॉन्ट्रा' बंडखोरांना शस्त्रे, पैसा आणि प्रशिक्षण दिले, तेव्हा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ रोजी ते बेकायदा ठरवले. पण बंडखोरांच्या प्रत्येक कृत्याची जबाबदारी अमेरिकेवर टाकण्यासाठी तिचे 'प्रभावी नियंत्रण' सिद्ध व्हायला हवे, असेही म्हटले. म्हणजे नियंत्रण जितके लपवता येईल तितकी जबाबदारी टळते. काँगोच्या बाबतीत तर विरोधाभास डोळ्यांत भरतो. त्याच युद्धासाठी काँगोने युगांडाला न्यायालयात खेचले, २००५ मध्ये युगांडा दोषी ठरला आणि २०२२ मध्ये ३२.५ कोटी डॉलर भरपाईचा आदेश झाला. रवांडाविरुद्धचा खटला मात्र २००६ मध्ये संपला, तोही मूळ आरोपांवर सुनावणी न होता. रवांडाने न्यायालयाचे अधिकारक्षेत्रच मान्य केले नव्हते.

शिवाय रवांडा अनेकांना हवा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला सर्वाधिक सैनिक देणाऱ्या देशांत तो आहे. २०१० मध्ये काँगोतील अत्याचारांवरचा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल फुटला, तेव्हा सुदानमधील सैनिक परत बोलावण्याची धमकी त्याने दिली होती. २०१२ मध्ये तर एम२३ ला मदत केल्याचे आरोप गाजत असतानाच रवांडा सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य म्हणून निवडून आला. ज्याच्याविरुद्ध अहवाल, तोच तो अहवाल वाचणाऱ्यांच्या टेबलावर. फुटबॉलप्रेमींना 'व्हिजिट रवांडा' हे शब्द आर्सेनलच्या जर्सीच्या बाहीवरून परिचित असतील.

नळ बंद केला तर काय होते?

याचे उत्तर एकदा मिळालेले आहे. २०१२ च्या अहवालानंतर ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन यांनी रवांडाची मदत थांबवली किंवा लांबवली. अमेरिकेची लष्करी मदतीतील कपात अवघी दोन लाख डॉलरची होती, पण संदेश पोहोचला. डिसेंबरमध्ये अध्यक्ष ओबामा यांनी कागामे यांना फोन करून बंडखोरांची पाठराखण चालणार नाही असे सांगितले. त्यानंतरच्या वर्षात संघटनेत फूट पडली. तिचा एक नेता बोस्को न्तागांडा मार्च २०१३ मध्ये किगालीतील अमेरिकी दूतावासात स्वतःहून हजर झाला आणि पुढे हेगमध्ये त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. सुरक्षा परिषदेने काँगोत प्रथमच आक्रमक कारवाईचे अधिकार असलेली ब्रिगेड पाठवली. ऑक्टोबरच्या अखेरीस काँगोच्या सैन्याने तिच्या साथीने चढाई केली आणि ५ नोव्हेंबर २०१३ रोजी एम२३ ने बंड संपल्याचे जाहीर केले. वर्षभरापूर्वी ज्या संघटनेपुढे गोमाचे रक्षक पळाले होते, ती दोन आठवडेही टिकली नाही.

या वेळी मात्र दबाव उशिरा आला आणि तुकड्या-तुकड्यांत आला. २१ फेब्रुवारी २०२५ च्या ठराव २७७३ मध्ये सुरक्षा परिषदेने एकमताने, रवांडाचे नाव घेऊन, एम२३ ची मदत थांबवण्यास आणि सैन्य मागे घेण्यास सांगितले. ब्रिटनने बरीचशी मदत रोखली. युरोपीय महासंघाने मार्चमध्ये रवांडन सेनाधिकारी आणि किगालीतील एका सोने शुद्धीकरण कारखान्यावर निर्बंध आणले. त्याच दिवशी रवांडाने बेल्जियमशी राजनैतिक संबंध तोडले. तोवर गोमा आणि बुकावू दोन्ही गेली होती.

भारत या चित्रात कुठे?

उत्तर किवूतील शांतिसेनेत भारताची ब्रिगेड अनेक वर्षे आहे आणि गोमातील संयुक्त राष्ट्रांचे रुग्णालयही भारतीय लष्करी डॉक्टर चालवत आले आहेत. शांतिसेना बंडखोरांना रोखत नाही म्हणून जुलै २०२२ मध्ये स्थानिक लोकांचा संताप उसळला, तेव्हा बुटेम्बो येथे सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. छुप्या मदतीचा अनुभवही भारताला दुसऱ्या बाजूने आहे. १९८३ नंतर श्रीलंकेतील तमिळ गटांना भारतात प्रशिक्षण मिळत होते आणि दिल्ली ते नाकारत होती. १९८७ मध्ये शांतिसेना पाठवावी लागली आणि त्यांतल्याच एका गटाशी, एलटीटीईशी लढताना सुमारे १,२०० भारतीय सैनिकांनी प्राण गमावले. १९९१ मध्ये राजीव गांधी यांची हत्याही याच संघटनेने केली.

सध्या काय स्थिती?

२७ जून २०२५ रोजी काँगो आणि रवांडाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी वॉशिंग्टनमध्ये करार केला. जुलैमध्ये काँगो सरकार आणि एम२३ यांनी दोहा येथे तत्त्वांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. ४ डिसेंबरला कागामे आणि काँगोचे अध्यक्ष फेलिक्स चिसेकेदी यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या साक्षीने करारावर शिक्कामोर्तब केले. त्यात अमेरिकी कंपन्यांसाठी खनिजांचा भागही आहेच. त्याच आठवड्यात एम२३ दक्षिणेकडे सरकत होती. १० डिसेंबरला तिने बुरुंडीच्या सीमेवरचे उविरा शहर घेतले. अमेरिकेने सुरक्षा परिषदेत रवांडावर उघड ठपका ठेवल्यावर तिथून माघारीची घोषणा झाली. रवांडाने आरोप नाकारले.

गोमा एम२३ च्या ताब्यात गेले तेव्हापासून तिथल्या बँका आणि विमानतळ बंद पडले. हातात रोकड हवी म्हणून अनेक गोमावासीयांनी पायी सीमा ओलांडून रवांडाच्या गिसेनी गावातले एटीएम गाठायला सुरुवात केली.